पावणेबाराची पॅसेंजर

शिरूरच्या स्टँडवर एकतीस वर्षं ज्यांच्या आवाजावर गाड्या हलल्या, त्या पोपटरावांना रिटायर झाल्यावर घरात चहासाठी तीनदा हाक मारावी लागायची. वाहतूक नियंत्रक होते ते. म्हणजे काचेच्या खोलीत बसून माइकवर कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागतेय ते सांगणारे. आवाज असा खणखणीत, की बाकड्यावर झोपलेला पॅसेंजर दचकून पिशवी उचलायचा, मग गाडी त्याची असो नाहीतर नसो. पण घरात काचेची खोली नव्हती, माइक नव्हता, आणि फलाट म्हणाल तर ओटा धरून एकच. तिथून सविताबाई म्हणायच्या, "अहो, हळू बोला. मी हितंच हाय."

त्यामुळं बत्तीस वर्षांच्या संसारात सविताबाईंनी पहिल्यांदा काहीतरी मागितलं, तेव्हा पोपटराव आधी घाबरले आणि मग मनातून हरखले. आजवर त्या बाईनं साडी मागितली नव्हती, फ्रीज मागितला नव्हता. लसूण सोलता सोलता एकदम म्हणाल्या, "मला माझ्या आण्णांचं तोंड बघायचंय हो. आईचा डोळा जायच्या आत."

आता हे आण्णा म्हणजे माऊलीआण्णा, सविताबाईंचे वडील. दौंडच्या रेल्वे यार्डात पॉइंट्समन होते. सांधे बदलायचे, कंदील दाखवायचा, हे काम. सविताबाई पाच वर्षांच्या असताना ते तापानं गेले. फोटो म्हणाल तर दौंडच्या घरी भिंतीवर एक होता, पण त्याची तऱ्हा निराळी. कुठल्याशा ग्रुप फोटोतलं त्यांचं गव्हाएवढं डोकं घेऊन दौंडच्या एका फोटोवाल्यानं ते मोठं केलं, आणि मोठं करताना जे दिसेना ते आपल्या मनानं रंगवलं. कोट चढवला, टाय बांधला, गालांना लाली लावली, मिश्या कोरून दिल्या. तेराव्याला फ्रेम घरी आली तेव्हा सविताबाईंची आई, म्हाळसाबाई, ती बघून रडायच्याच थांबल्या. "ह्यो कुठला फौजदार आणला?" म्हणाल्या. पण हार आणलेला होता, भटजी खोळंबले होते. फौजदार भिंतीवर चढला तो चढलाच. सत्तेचाळीस वर्षं सविताबाई दर दिवाळीला एका अनोळखी माणसाच्या पाया पडत आल्या होत्या.

पण आण्णांचं खरं तोंड एका ठिकाणी होतं. शहात्तर साली दौंड स्टेशनात एका मराठी पिक्चरचं शूटिंग झालं. खुनाचा पिक्चर, नाव 'पावणेबाराची पॅसेंजर'. डायरेक्टरनं यार्डात आण्णांना बघितलं आणि एक वाक्य दिलं. एकच! पण त्या एका वाक्यासाठी आण्णांनी आठ दिवस घरात कंदील हातात धरून तालीम केली. गल्ली वैतागली. पुढं पिक्चर दौंडला लागला, तीन दिवस टिकला आणि उतरला. त्याच तीन दिवसांत लहानग्या सवितेला गोवर निघाला होता, म्हणून म्हाळसाबाई थेटराकडं फिरकल्याही नाहीत. "पुन्यांदा लागंल तवा जोडीनं बघू," असं आण्णा म्हणाले. तो पुन्हा लागला नाही, आणि वर्षाच्या आत आण्णाच गेले.

आणि आता म्हाळसाबाई ऐंशीच्या घरात. काचबिंदूनं उजवा डोळा नेला होता, डाव्यालाही डॉक्टरांनी काही महिनेच दिले होते. आण्णांचं तोंड ओळखणारं जगात माणूस उरलं होतं एक, आणि त्याच्याकडं डोळाही उरला होता एक. सविताबाईंची घाई ती होती.

"मिळंल," पोपटरावांनी जाहीर केलं. खिडकीच्या काचा थरथरल्या. "पिक्चरच हाय ना? शोधू."

पुण्याला कंपनीत असलेल्या लेकीला, वैष्णवीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, नेटवर सगळं असतं, फक्त नाव टाका." पोपटरावांनी नाव टाकलं. नेटनं त्यांना देशातल्या पावणेबाराला सुटणाऱ्या तमाम पॅसेंजर गाड्यांचं वेळापत्रक दिलं. दुसरा कुणी असता तर चिडला असता. पोपटराव मात्र ते दीड तास मन लावून वाचत बसले आणि मधूनमधून "ही वेळ चुकलीय, हिला क्रॉसिंगला थांबावंच लागणार" असं पुटपुटत राहिले. पिक्चरचा मागमूस नव्हता. त्याच्यावर कुणी दोन ओळी लिहून ठेवल्या असतील तर शपथ. इतका विसरलेला पिक्चर, की विसरलाय हेसुद्धा कुणाच्या लक्षात नव्हतं.

धागा मिळाला तो मार्केट यार्डाजवळच्या फ्लेक्सच्या दुकानात. तिथला सतीश हा एके काळी शिरूरचा व्हिडिओ सम्राट. लेकीच्या नावानं काढलेलं त्याचं 'मोनिका व्हिडिओ' नव्वदीत असं चालायचं, की शनिवारी व्हीसीआर भाड्यानं मिळवायला वशिला लागायचा. कॅसेटी द्यायचा आणि लग्नाचं शूटिंगही करायचा. आता वाढदिवसाचे फ्लेक्स छापतो.

"पावणेबाराची पॅसेंजर?" सतीशनं डोकं खाजवलं. "व्हती की! कंपनीनं गठ्ठ्यात आणून टाकली व्हती. कंट्रोलर साहेब, एक गिऱ्हाईक यील तर शप्पत. पन आता माझ्याकडं काय न्हाई. दुकान बंद केलं तवा सगळा माल मंडळाला दिऊन टाकला."

मंडळ म्हणजे 'घोडनदी चित्ररसिक मंडळ, नोंदणीकृत'. आणि मंडळाचे अध्यक्ष सावळारामआप्पा हे पोपटरावांचे सख्खे शेजारी, भिंतीला भिंत. पोपटरावांना वाटलं, सुटलो! पण आप्पा हे एका पतसंस्थेचे निवृत्त सचिव होते, आणि पतसंस्था सुटली तरी त्यांच्यातला सचिव सुटलेला नव्हता. दोन्ही हात मागं बांधून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अर्ज द्या," आप्पा म्हणाले.

"आप्पा, मी शेजारी राहतो तुमच्या. सकाळी पेपर माझा वाचता."

"म्हनून तर अर्ज लगेच घेतोय. दुसऱ्याला सोमवारी बोलावलं असतं."

पोपटरावांनी अर्ज लिहिला. तो परत आला, कारण विषय लिहून त्याखाली रेघ मारलेली नव्हती. रेघ मारून दिला, तर अर्जदार सभासद नाही असा शेरा पडला. सभासद करून घ्या म्हटलं, तर त्याला कार्यकारिणीची सभा हवी. सभेला गणपूर्ती पाच. आणि कार्यकारिणीत जिवंत किती? तर तीन. दोघं वारले होते, आणि त्यांच्या जागी नवे घ्यायचे तर सभा हवी, आणि सभेला गणपूर्ती पाच. मंडळ गेली अकरा वर्षं या जागी अडकून पडलं होतं, आणि आप्पांना त्याचा सूक्ष्म अभिमान होता.

"म्हंजे कायद्यानं तुमच्या मंडळाला कधीच सभा घेता येणार न्हाई?" पोपटराव म्हणाले.

"कायदा हाय. आपन काय करनार."

त्या दिवशी पोपटराव जेवले नाहीत. सविताबाई वाढता वाढता म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या हो. नशिबात न्हाई म्हनायचं." त्या रागानं म्हणाल्या असत्या तर चाललं असतं. त्या समजुतीनं म्हणाल्या, आणि ते पोपटरावांना फार लागलं.

दोन दिवसांनी आंघोळ करताना त्यांना एकदम आठवलं. डेपोतल्या कर्मचाऱ्यांच्या सोसायटीचे ते नऊ वर्षं संचालक होते. ओल्या अंगानं टॉवेल गुंडाळून ते भिंतीपाशी आले आणि फलाट क्रमांक एकवरच्या आवाजात ओरडले, "आप्पा! तहकूब सभा!"

भिंतीपलीकडं खुर्ची सरकली. मग आप्पांचा आवाज आला, आणि त्या आवाजात आदर होता. "व्हय की. तहकूब सभेला गणपूर्ती लागत न्हाई."

महाराष्ट्रातल्या कुठल्याही सोसायटीला हे पाठ असतं. माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब करायची, आणि अर्ध्या तासानं त्याच जागी, त्याच माणसांनी पुन्हा घ्यायची. मग सगळं कायदेशीर. त्या रविवारी आप्पांच्या पडवीत तीन म्हातारे सतरंजीवर बसले. सभा तहकूब झाली. मग अर्धा तास त्या तिघांनी आणि दारात अर्जदार म्हणून उभ्या असलेल्या पोपटरावांनी एकमेकांची तोंडं बघितली. चहा मध्येच आला, पण आप्पांनी तो तहकुबीच्या काळातला धरून इतिवृत्तातून वगळला. बरोबर अर्ध्या तासानं सभा भरली, सूचक झाले, अनुमोदक झाले, ठराव एकमतानं मंजूर झाला आणि आप्पांनी माळ्याला शिडी लावली.

माळ्यावर गव्हाच्या तीन कोठ्या होत्या आणि तिन्हींत कॅसेटी. पोपटरावांनी धूळ खात, शिंका देत दोन कोठ्या उपसल्या. तिसरीच्या तळाशी हाताला लागला तो एक मळका डबा. वर रेल्वेचं इंजिन, पिस्तूल, किंचाळणारी बाई, आणि लाल अक्षरांत नाव. पावणेबाराची पॅसेंजर! पोपटरावांनी तो डबा छातीशी धरला. शिडीवरून खाली येताना त्यांचा पाय सटकला, ते दोन पायऱ्या घसरले, धोतराचा बोंगा करून खाली उभ्या असलेल्या आप्पांच्या अंगावर आले, पण डबा सोडला नाही.

डबा उघडला. आत कॅसेट नव्हती. एक चिठ्ठी होती. 'वापरली. वही पाहा.'

वही सतीशकडं होती. फ्लेक्सच्या गुंडाळ्यांमागून त्यानं ती काढली, थुंकी लावून पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवल्यावर त्याचा चेहरा उतरला. "साहेब, तुम्ही बसून घ्या जरा," म्हणाला.

पोपटरावांनी उभ्यानंच वाचलं. लाल शाईत लिहिलं होतं: 'पावणेबाराची पॅसेंजर. गिऱ्हाईक नाही. १७ मे ९२, दौंड, पोपटराव यांचे लग्न.'

"सतीश," पोपटराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज समोरच्या माणसापर्यंतसुद्धा पोचला नाही.

"लगीनसराई व्हती हो. दिवसाला तीन-तीन लग्नं. कोऱ्या कॅसेटी संपल्या की ज्या पिच्चरला कोन इच्यारत न्हाई, त्याच्यावरच शूटिंग घ्यायचो. समदेच करायचे तवा."

"मी तुला इचारलं होतं, कॅसेट नवी हाय ना म्हनून!"

"तुम्ही तवा मुंडावळ्या बांधून बसला व्हता साहेब. नवरदेवाला खरं कोन सांगतंय?"

म्हणजे झालं होतं असं. माऊलीआण्णांचं तोंड जगात एकाच जागी उरलं होतं, आणि ते पुसलं होतं पोपटरावांनी. पुसलं कशानं, तर त्यांच्याच लेकीशी लग्न करून! ती लग्नाची कॅसेट आजही घरच्या कपाटात पैठणीखाली होती. पोपटराव मार्केट यार्डापासून घरापर्यंत चालत आले. वाटेत तीन रिक्षावाल्यांनी "साहेब, सोडू का?" विचारलं, त्यांना त्यांनी ओळखही दाखवली नाही.

घरी आल्यावर त्यांनी सांगून टाकलं. गाडी रद्द झाल्याची घोषणा त्यांनी हजारदा केली होती, पण त्या वेळी समोर काच असायची. सविताबाई मेथी निवडत होत्या. हातातली जुडी त्यांनी बाजूला ठेवली.

"म्हंजी आण्णांच्या अंगावर आपलं लगीन पडलं," म्हणाल्या.

"माझंच चुकलं," पोपटराव म्हणाले.

"तुमचं काय चुकलं? तुम्ही काय एकट्यानं लगीन केलं व्हतं?" आणि मग पदरानं डोळे पुसून त्यांनी आईला फोन लावला, कारण हे असलं सांगायचं तर स्वतःच सांगावं, नवऱ्याच्या आवाजात ते सगळ्या दौंडला कळलं असतं.

म्हाळसाबाईंनी सगळं ऐकलं. रडतील वाटलं, तर म्हणाल्या, "मंग लगीनच आणा की. त्ये तरी मी कुठं बघितलंय?"

फोन ठेवून सविताबाईंनी ते नवऱ्याला सांगितलं. खरंच होतं ते. ब्याण्णव साली विधवा आईनं लेकीच्या मांडवात यायचं नसे. कन्यादान चुलत्यानं केलं. म्हाळसाबाई दिवसभर मागं स्वयंपाकघरात तांदूळ निवडत, पोळ्या मोजत बसल्या होत्या, आणि मंगलाष्टका त्यांनी भिंतीआडून ऐकल्या होत्या. एवढ्या वर्षांत हे कुणी बोललं नव्हतं. बोलण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं. ती कॅसेट घरात चार-पाचदा लागली, पण म्हाळसाबाई दौंड सोडायच्या नाहीत. रेल्वेचा आवाज नसेल तर त्यांना झोप यायची नाही.

"नेऊ," पोपटराव म्हणाले.

आता कॅसेट होती, पण ती लावायची कशावर? सतीशनं शरमेनं का होईना आपला शेवटचा व्हीसीआर काढून दिला. त्यात उंदराचं बाळंतपण झालेलं होतं. ते साफ केलं, तर आतला रबरी पट्टा तुटलेला. सतीशनं जुन्या टेपरेकॉर्डरचा पट्टा काढून त्याला बसवला आणि म्हणाला, "लई ताण देऊ नका, म्हातारा हाय." कॅसेटच्या रिळाला पांढरी बुरशी आली होती. त्यावर सगळ्या आळीनं सल्ले दिले. कुणी म्हणालं उन्हात घाला, कुणी म्हणालं तांदळाच्या डब्यात पुरा. आप्पांनी मंडळातर्फे लेखी सल्ला दिला, की कापूर जवळ ठेवावा. पोपटरावांनी सगळं केलं. दोन दिवस गच्चीत कुरडयांच्या शेजारी ती कॅसेट आणि तिच्यावर कावळे बसू नयेत म्हणून छत्री घेतलेले पोपटराव, असं दृश्य शिरूरनं बघितलं. मग सतीशनं घरी येऊन मऊ फडक्यानं रीळ पुसलं आणि म्हणाला, "उन्हात घातली नसती तरी चाललं असतं."

दौंडच्या नव्या टीव्हीला हा व्हीसीआर जोडायला भोकंच नव्हती. म्हणून घरचा जुना डबा-टीव्ही चादरीत बांधून एस.टी.त घातला. पोपटराव रुबाबात पुढं बसले. रिटायर कंट्रोलर, कोण काय विचारतंय! कंडक्टर होती भाग्यश्री नावाची तरणी पोरगी.

"काका, टीव्हीचं लगेज लागंल."

"पोरी, मी ह्याच डेपोत एकतीस वर्षं कंट्रोलर होतो."

"मंग तर तुम्हाला नियम म्हाईतच आसंल," असं म्हणून तिनं तिकीट फाडलं. सविताबाई खिडकीकडं तोंड करून न्हावरं येईपर्यंत हसत होत्या. पोपटरावांनी ते तिकीट नीट घडी करून खिशात ठेवलं. मनातल्या मनात त्यांना पोरीचं कौतुकही वाटलं.

दौंडला म्हाळसाबाईंच्या दोन खोल्यांत बाजेवर आसन तयार होतं. शेजारच्या गिताबाई आपला पाट घेऊन आधीच येऊन बसल्या होत्या. भिंतीवरून फौजदार सगळ्यांवर नजर ठेवून होता. पोपटरावांनी वायरी जोडल्या, कॅसेट सारली, आणि आतून भाकरी थापल्यासारखा एक आवाज येऊन लग्न सुरू झालं.

म्हाळसाबाईंनी टीव्हीपासून हातभर अंतरावर बसून डावा डोळा पडद्याला लावला. हळद बघितली. लेकीच्या हातातला चुडा बघितला. अंतरपाट बघितला. "जावई किती वाळकं व्हतं," म्हणाल्या. पोपटरावांनी पोट आत ओढलं. जेवणाच्या पंगती आल्या तेव्हा म्हणाल्या, "भात बरा मोकळा झालता." मग पाठवणी आली. सविताबाई चुलतीच्या गळ्यात पडून रडताहेत, वाजंत्री वाजतेय, आणि सतीशचा कॅमेरा उगाच भटकत भटकत मागच्या दाराकडं गेला. तिथं चौकटीला धरून एक बाई उभी होती. पांढऱ्या कपाळाची, तोंडाला पदर लावलेली.

"ती कोन गं, दारात?" म्हाळसाबाईंनी विचारलं.

"तूच की, आई."

म्हाळसाबाईंनी पडद्याला बोट लावलं. मग मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडल्या ते पडल्याच. गिताबाईंनी पदर डोळ्याला लावला.

आता इथं एक सांगायला हवं. या कॅसेटीचा घरात एक नियम होता. पाठवणी आली की सविताबाई रडायच्या, म्हणून पोपटराव आधीपासूनच बटणावर बोट ठेवून बसायचे आणि कॅसेट बंद करायचे. चार-पाचदा लावली, चार-पाचदा तिथंच बंद केली. पाठवणीच्या पुढं काय आहे ते बत्तीस वर्षांत कुणी बघितलेलं नव्हतं. लग्न पावणेदोन तासांचं आणि पिक्चर सव्वादोन तासांचा, ही वजाबाकी आयुष्यभर वेळापत्रक सांभाळलेल्या माणसाला सुचली नाही ती नाहीच. आणि आज बटणावर बोट नव्हतं, कारण पोपटरावांच्या दोन्ही डोळ्यांत एकदम कचरा गेला होता.

पडद्यावर मुंग्या आल्या. फरफर आवाज झाला. आणि लग्नातून एकदम, काळंपांढरं, दौंड स्टेशन उगवलं.

"अगं बाई," गिताबाई म्हणाल्या, "वरात रेल्वेनं निघाली व्हय?"

पडद्यावर एक कोटवाला माणूस पिस्तूल घेऊन पळत होता, त्याच्यामागं दुसरा कोटवाला. भांडण झालं, झाडाझडती झाली, खुनी कोण ते कळलं.

"पन मेलं कोन?" गिताबाईंनी विचारलं.

"ते आमच्या लग्नाखाली गेलं," पोपटराव म्हणाले. ते मघापासून व्हीसीआरवर दोन्ही हात ठेवून, जणू तो पळून जाईल असे, बसले होते.

आणि मग इन्स्पेक्टर धापा टाकत फलाटाच्या टोकाला आला. तिथं एक पॉइंट्समन पाठमोरा उभा होता. इन्स्पेक्टरनं विचारलं, "पावणेबाराची गेली का?" पॉइंट्समन वळला. कंदील वर केला. उजेड तोंडावर पडला.

साधं तोंड. सावळं, गालफडं बसलेलं, मिश्या कोरलेल्या नव्हत्याच, नुसत्या उगवलेल्या. आणि हनुवटी अशी पुढं आलेली, की पोपटराव बघतच राहिले. त्या हनुवटीशी ते बत्तीस वर्षं भांडत आले होते आणि एकदाही जिंकले नव्हते.

"न्हाई सायेब," पॉइंट्समन म्हणाला. "लेट हाय. पन येनार."

म्हाळसाबाईंचा हात तोंडावर गेला. "बिडी बघ! कानाला बिडी बघ! शूटिंगला तरी कानाला बिडी लावू नका म्हनून हात जोडलं व्हतं मी. लावलीच! त्येच हायेत गं, त्येच हायेत. माझं ऐकलं असतं तर त्ये कसले!"

सविताबाईंनी पदर खोचला. त्या उठल्या, टीव्हीपुढं खाली बसल्या आणि पडद्यावरच्या त्या तोंडाला त्यांनी कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढल्यासारखं केलं. तोवर आण्णा गेलेही होते. जेमतेम बारा सेकंदांचा कारभार.

"पुन्यांदा," म्हाळसाबाई म्हणाल्या.

थांबवलं तर तोंडावर आडव्या रेघा यायच्या, म्हणून दर वेळी मागं नेऊन पुन्हा सोडायला लागायचं. पोपटराव मागं न्यायचे, सोडायचे. वळायचे आण्णा, कंदील वर व्हायचा, बिडी दिसायची. पाचव्या वेळी वैष्णवीनं दिलेल्या मोबाईलवर त्यांनी फोटो काढला. सातव्या वेळी आतून 'टच्' असा आवाज झाला आणि टेपरेकॉर्डरच्या पट्ट्यानं मान टाकली. कॅसेट जशीच्या तशी निघाली, ते एक बरं झालं. दुरुस्त होईल, पोपटरावांनी सांगितलं. सतीशच्या मानगुटीवर बसून करून आणू.

गिताबाई पाटावर चढून फौजदाराची फ्रेम उतरवायला निघाल्या. "आता ह्याचं काय काम?"

"ऱ्हाऊ दे गं," म्हाळसाबाई म्हणाल्या. "सत्तेचाळीस वर्सं मुकाट बसलाय बिचारा, कवा उलटून बोलला न्हाई. आता ह्या वयात कुठं जाईल? शेजारी ह्यांना लाव." मग त्या बंद पडद्याकडं बघत राहिल्या. त्यांना तो आता दिसत होता की नाही कोण जाणे. जरा वेळानं म्हणाल्या, "जावई, तुमचा आवाज मोठा हाय म्हनत्यात. तुम्ही बोला. तेवढं वाक्य."

पोपटराव उभे राहिले. शर्ट खाली ओढला. सवयीनं हात माइकच्या बटणाकडं गेला, तिथं बाजेचा खूर होता. घसा साफ केला.

"न्हाई सायेब. लेट हाय, पन येनार."

"तसं न्हाई," म्हाळसाबाई म्हणाल्या. "पन म्हनलं की वाईच थांबायचं. आठ दिस माझ्यासमोर घोकलंय त्यांनी."

पोपटरावांनी पुन्हा सुरू केलं. या वेळी आवाज अगदी हळू होता, खोलीतल्या चौघांपुरता. "न्हाई सायेब. लेट हाय. पन..."

आणि ते थांबले. तेवढ्यात खाली बसलेल्या सविताबाईंनीच, आईचा हात हातात घेऊन, पुढचं सांगितलं.

"येनार."